खिडक्या उघडायचे दिवस

बर्फ गेलं. रस्त्याच्या कडेला लोटून ठेवलेला काळपट ढीग होता, तोही परवाच्या पावसात विरघळला. समोरच्या मेपलला तांबूस तुरे आलेत. तांबड्या पोटाचा तो पक्षी गवतात मान वाकडी करून गांडुळाची चाहूल घेतो आहे. इथे ओहायोत हे दिवस आले की माणसं पहिलं काम करतात ते खिडक्या उघडायचं. हिवाळाभर घर डब्यासारखं बंद असतं. फोडणीचा वास, लोकरीचा वास, माणसांचा वास, सगळं आत मुरलेलं. मग एका सकाळी गल्लीतली घरं एकामागून एक तोंड उघडतात.

आज सकाळी मीही गेलो खिडकीपाशी. खालच्या तावदानाच्या मुठीला हात घातला, आणि हात तिथेच थांबला.

मी घाबरट माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवतो. शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं सगळं शिकणं बांबूच्या परांचीवर झालं. सांगलीकडच्या किती बंगल्यांना, शाळांना, देवळांच्या दारांना माझ्या हाताचा रंग आहे याची मोजदाद मी ठेवली नाही, इतरांनी ठेवावी. दोन मजले उंचीवर एका पायावर उभं राहून मी छज्जे रंगवलेत. म्हातारपणी विमानात बसलो, परक्या देशात आलो, इंग्रजीचा गंध नसताना एकटा बसने फिरून आलो. तेव्हाही छाती धडधडली नाही. पण मागच्या वर्षीपासून मी या खिडकीला भितो. लाकडाच्या, मुक्या खिडकीला. लोक हसतील. हसू देत.

आमच्या मनीषाचं घर कोलंबसच्या जुन्या भागात आहे. जावयांचं ऑफिस शहराच्या कडेला असलेल्या डब्लिन नावाच्या उपनगरात. त्यांची ओळखीची मराठी मंडळी सगळी तिकडेच राहतात, नव्याकोऱ्या घरांत. त्या घरांच्या खिडक्या प्लास्टिकच्या, एका बोटाने सरकणाऱ्या. मनीषाला मात्र जुनं घर हवं होतं. विटांचं, शंभरीला टेकलेलं, पुढे ओटी असलेलं. "आबा, याला कॅरेक्टर आहे," असं ती म्हणाली होती. मी पहिल्यांदा आलो तेव्हा भिंती पाहिल्याच नाहीत. थेट खिडक्यांकडे गेलो. लाकडावर बोटाच्या पेराने टकटक केलं. खणखणीत. आताचं लाकूड असं बोलत नाही.

या खिडक्या आपल्यासारख्या बिजागरीच्या नव्हेत. एकावर एक अशी दोन तावदानं, आणि ती खोबणीतून वरखाली सरकतात. चौकटीच्या पोटात दोऱ्यांना लोखंडी वजनं टांगलेली असतात. खिडकी वर केली की वजन आतून खाली जातं आणि लाकडावर आपटतं. ठक, ठक. भिंतीत कोणीतरी कोंडलेलं आहे आणि दार वाजवतं आहे, असा आवाज. काचाही जुन्या, पाण्यासारख्या लाटा असलेल्या. वारा नसला तरी डोकं हललं की पलीकडचं झाड हलतं. मला ते फार आवडायचं. खरं सांगायचं तर या देशात जीव लावला तो आधी नातीला आणि मग या खिडक्यांना.

रंग मात्र त्यांची रया घालवत होता. थरावर थर. वरचा पांढरा, त्याखाली पिस्त्यासारखा हिरवा, त्याखाली साईसारखा पिवळट. मगरीच्या पाठीसारखा तडकलेला. मी म्हणालो, "जावईबापू, एक खरवडायचा पत्रा द्या आणि पॉलिश पेपर द्या. आठवड्यात लाकूड उघडं करून दाखवतो."

आमचे जावई नागपूरचे. निखिल नाव. स्वभाव गरीब, पण फोनवर वाचलेलं वेदवाक्य.

"मामाजी, हात नका लावू न. इतक्या जुन्या घराच्या रंगात लेड असते. शिसं. त्याची धूळ पोटात गेली तर पॉयझन."

"रंगात विष? मी जन्मभर रंगाच्या डब्यात जेवलो. काय झालं मला?"

"तुम्हाला काय झालं ते तुम्हाला कसं कळणार, मामाजी?"

हे बोलणं मला लागलं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. पत्रा मागितला नाही, पॉलिश पेपर मागितला नाही. लावत नाही हात, जा. सडू देत तुमच्या खिडक्या.

पण उघडणं म्हणजे काही खरवडणं नव्हे. सकाळ झाली की दारं-खिडक्या उघडायच्या, कोंदट घरात लक्ष्मी यायची नाही, हे आमच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. दिवेलागणीला मागची खिडकी खाली आणि पुढची वर. मी ते नेमाने करायचो. खिडक्या रंगाने आखडलेल्या, जड. दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागायचा. कर्रकर्र करत वर जायच्या, कर्रकर्र करत खाली यायच्या. मला बरं वाटायचं. एवढ्या मोठ्या घरात हे एक काम माझं होतं.

आणि खिडकीखालची फळी होती ती हातभर रुंद, दक्षिणेकडची, दुपारभर उन्हाची.

आमची मंडळी, म्हणजे आमची बायको, उन्हाळा आला की वाळवणाशिवाय राहू शकत नाही. नवरा सोडेल, कुरडई सोडणार नाही. इथे गच्ची नाही. अंगणात खारी आणि हरणं. पहिल्या वर्षी बाहेर घातलेले सांडगे खारींनी पळवले, तेव्हापासून तिचा अमेरिकेवर राग आहे. तिला ती फळी सापडली. स्वच्छ धोतराचं फडकं अंथरायचं, त्यावर कुरडया, सांडगे, साबुदाण्याच्या पापड्या. वर लाटांची काच, त्यातून ऊन वाकडंतिकडं होऊन पडायचं. गव्हाच्या चिकाचा आंबूस वास, जिऱ्याचा वास, बाहेरून कापलेल्या गवताचा वास. त्या वासांनी माझं घर तिकडचं इकडे आलं होतं.

नात तेव्हा वर्षाची झाली होती. ईरा. मी तिला चिमणे म्हणतो. फळीला धरून उभी राहायची. दात येत होते. कधी फळीची कड चावायची, कधी हळूच फडक्यावर हात घालायची आणि अर्धी ओली कुरडई तोंडात. आमची ही कौतुकाने म्हणायची, "बघा, बघा, चोरून खाते! आईवर गेलीया." मनीषाही लहानपणी अशीच वाळवणावर डल्ला मारायची. ओल्या कुरडईची गोडी तळलेलीला नाही. आम्ही सगळे बघून हसायचो. मी त्या खिडकीपाशी उभा असायचो, कर्रकर्र तिला वर करत.

त्या हसण्याचा आवाज अजून कानात आहे.

वर्षाच्या पोरांची रक्ततपासणी असते इथे. बोटाला टोचून थेंब घेतात. आम्हाला वाटलं, लस असेल. पुढे फोन आला तेव्हा मनीषा भाजी चिरत होती. फोन कानाला लावून ती "येस, येस" म्हणत राहिली, आणि सुरी तिच्या हातात तशीच उभी. मला इंग्रजी येत नाही, पण लेकीची पाठ वाचता येते. पाठ ताठ झाली, मग खांदे खाली आले.

"काय गं?"

"आबा, ईराच्या रक्तात लेड आहे."

शिसं. मी खिडकीकडे पाहिलं. ऊन पडलं होतं, फडक्यावर पांढऱ्या कुरडया होत्या, आणि वाऱ्याने खिडकी आतल्या आत थोडी हलली. ठक.

बोटावरच धूळ असेल तर आकडा खोटा वाढतो, म्हणून पुन्हा दंडातून रक्त घ्यायचं ठरलं. एवढासा दंड. शीर सापडेना. निखिलनी पोरीला मांडीवर घट्ट धरलं होतं आणि त्यांचेच डोळे मिटलेले. मी दाराबाहेर उभा राहिलो. ती रडत होती तोवर ठीक होतं. रडायची थांबली तेव्हा मी दाराला कान लावला.

निकाल यायचा होता त्या दिवसांत घरी आरोग्य खात्याची एक बाई आली. उंच, केस पांढरे, बुटांवर निळ्या पिशव्या चढवलेल्या. तिच्या हातात पिस्तुलासारखं यंत्र होतं. तिने ते खिडकीच्या चौकटीला टेकवलं, जसं एखाद्याच्या कानशिलाला टेकवावं, आणि घोडा दाबून थांबली. यंत्राने आकडा दाखवला. तिने तो कागदावर उतरवला. दुसरी खिडकी. तिसरी. मग खालची फळी. मी तिच्या मागून चालत होतो. आयुष्यात माझ्या कामाची तपासणी करायला फार लोक आले, मी त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून उभा राहिलो. या बाईच्या पाठीकडे बघायची मला छाती होत नव्हती.

तिने मग एक खिडकी वर केली, खाली केली आणि खोबणीतून बोट फिरवून आम्हाला दाखवलं. हातमोज्यावर पिठासारखी बारीक भुकटी. मनीषा सांगत गेली, "आबा, ती म्हणतेय की भिंतीवरच्या रंगाचं तेवढं नसतं. खिडकी घासते ना दर वेळी, त्याने पावडर होते. दिसत नाही. फळीवर पडते, फ्लोअरवर पडते. मग मुलांच्या हाताला, हात तोंडात..."

बाईची नजर फळीवरच्या फडक्यावर गेली होती.

"व्हॉट इज धिस?" तिने विचारलं. एवढं इंग्रजी मलाही कळलं.

मग आमची ही पुढे झाली, फडक्याची चारी टोकं धरली, गाठोडं बांधलं आणि पोटाशी धरून उभी राहिली. मेलेलं पाखरू धरावं तसं. बाईने हात पुढे केला. आमच्या हिने दिलं नाही. म्हणाली, "आमचंच अन्न हाय ते. आम्हीच घातलं पोरीच्या तोंडात. कुणी वैरी लागला नाही."

पुढे त्या बाईने विचारलं, काजळ लावता का? हळद कुठली? कुंकू? देवाला काही लाल, केशरी लावता का? हळदीची पुडी तिने तपासायला नेली, काजळाची डबी नेली. आमची ही रडता रडता रागावली, "आता हळदीवर बी पोलीस!" हळद-काजळात काही निघालं नाही ते नंतर कळलं. पण त्या केशरी रंगाच्या प्रश्नाने मला धरलं ते सोडलंच नाही.

शेंदूर. शेंदूर म्हणजे शिसंच की. रंगाऱ्याला हे माहीत असतं. मारुतीला आम्ही तेलात कालवून थापतो तो, आणि लोखंडी फाटकांना पहिला हात मारायचो तो, भाऊच एकमेकांचे. आणि आमच्या गावात लहानपणापासून ऐकलेलं: गाणाऱ्याचा आवाज घालवायचा असेल तर त्याला विड्यातून शेंदूर खायला घालतात. आमच्या गावात एक भजनी बुवा होता. पहाटे काकड्याला उभा राहिला की ओढ्यापलीकडच्या वस्तीला जाग यायची. एका सप्ताहानंतर त्याचा आवाज गेला तो गेलाच. पुढे कितीतरी वर्षं तो भजनाला यायचा, पहिल्या रांगेत बसायचा, टाळ वाजवायचा आणि नुसते ओठ हलवायचा. त्याला कोणी काय घातलं, खरं-खोटं देव जाणे. पण मी पोरगा होतो, आणि त्याच्या हलणाऱ्या ओठांकडे बघवायचं नाही.

दवाखान्याच्या त्या खोलीबाहेर मला तोच आठवला होता. पोरगी रडायची थांबली तेव्हा.

निकाल आला. बोटाच्या रक्तात दिसलं त्याहून कमी, पण नको तेवढं होतंच. मी विचारलं, "औषध काय?" मनीषा म्हणाली, "औषध नाही, आबा. एवढ्यावर देत नाहीत. घरातून ते काढायचं. तिला लोह, कॅल्शियम असलेलं खायला घालायचं. थोड्या महिन्यांनी पुन्हा रक्त. आणि बघायचं."

"काय बघायचं?"

तिने निखिलकडे पाहिलं. त्यांनी सांगितलं. "मामाजी, काहीच होणार नाही असंही होऊ शकते. नाहीतर शिकायला जड जाते. बोलायला उशीर होते कधी कधी. आत्ता कोणीच सांगू शकत नाही."

आत्ता कोणीच सांगू शकत नाही. साप दिसला तर काठी घेता येते. आग लागली तर पाणी. याला धरायला कुठे शेपूटही नव्हतं. घरभर होतं आणि कुठेच दिसत नव्हतं. मी जमिनीकडे बघायला लागलो. जिथे जिथे पोरगी रांगली होती ती फरशी, तो गालिचा, तो कोपरा. ऊन तिरपं आलं की हवेत कण तरंगताना दिसतात. आपण त्याला शोभा म्हणतो. मी पडदे ओढून घेतले.

काम करणाऱ्या परवानावाल्या कंपनीची पाळी उन्हाळ्याच्या शेवटी लागणार होती. तोवर काय पोरीला हवेत टांगायची? मी म्हणालो, "मी करतो."

"आबा, प्लीज."

"मी करतो म्हटलं ना. त्या बाईने सांगितलं त्या रीतीने करतो. एक अक्षर इकडचं तिकडं करणार नाही. जावईबापू डोक्यावर उभे राहतील. चुकलो तर मला त्या खिडकीतून बाहेर टाका."

मनीषा मला ओळखते. मी 'सांगितलं त्या रीतीने' हे शब्द जन्मात प्रथम उच्चारले, हे तिच्या लक्षात आलं. ती पोरीला आणि आईला घेऊन डब्लिनच्या मैत्रिणीकडे राहायला गेली. प्लास्टिकच्या खिडक्यांच्या घरात. जाताना गाडीच्या काचेतून पोरगी माझ्याकडे बघत होती. हात हलवला नाही, आवाज केला नाही.

मग आम्ही दोघं. सासरा-जावई. निखिलनी सुट्टी काढली. खोलीतलं सगळं सामान बाहेर, जमिनीवर जाड प्लास्टिक, दाराला प्लास्टिक, कडेने चिकटपट्टी. अंगात पांढरे कागदी झगे, टोपीसकट. तोंडावर रबरी मुखवटा, त्याला दोन्ही गालांवर गुलाबी चकत्या. आरशात बघितलं तर पिंपळावरचे दोन मुंजे.

आणि पाणी. सगळं ओल्याने करायचं. पिचकारीच्या बाटलीने रंग भिजवायचा, मग पत्र्याने खरवडायचा, पुन्हा भिजवायचा. कोरडं घासायचं नाही. रंग सोलायला ज्योत लावायची नाही, ते तर त्याहून वाईट, त्याची वाफच विषारी. माझ्या सगळ्या विद्येवर पाणी पडलं म्हणा. लाकूड कोरडं ठेव, हे मला शिकवलं होतं. ओल्या लाकडावर पत्रा चालवताना हाताला शिव्या दिल्यासारखं वाटायचं.

"मामाजी, पाणी."

"मारलंय की."

"वाळलं न ते. मारा पुन्हा."

"जावईबापू, लाकूड फुगतं अशाने."

"फुगू द्या. काहून धूळ उडवून राहिले?"

मुखवट्यातून आवाज डब्यातून आल्यासारखा. एकदा सवयीने मी खरवडलेल्या जागेवर फुंकर मारायला वाकलो. रंगारी फुंकर मारतोच. मुखवट्याच्या आतच फूं झालं, आणि ती फुंकर परत माझ्याच तोंडावर आली. निखिलनी पाहिलं. हसले नाहीत. बाटली पुढे केली. मी पाणी मारलं.

ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते उस्ताद त्या फुंकरीमुळे आठवले. तळहातावर रंग कालवायचे, नखाने चाखून तेल बघायचे. उतारवयात त्यांचं उजवं मनगट पडलं. हात पुढे केला की पंजा लोंबायचा, वाळलेल्या फांदीला पान लोंबतं तसा. लोक म्हणायचे, वारं गेलं अंगावरून. मीही तेच म्हणायचो. आता माझ्या पत्र्याखालून पांढरा, मग हिरवा, मग पिवळट थर ओल्या सालीसारखा निघत होता आणि मला उस्तादांचा पंजा दिसत होता. तो पंजा लहान लहान होत जायचा. पोरीच्या हाताएवढा व्हायचा. मग मी डोळे मिटून घ्यायचो आणि निखिल विचारायचे, "मामाजी, बरं आहे न?"

तावदानं चौकटीतून काढून मागच्या गॅरेजात नेली. काचेभोवतीची वाळून दगड झालेली लांबी, म्हणजे पुट्टी, भिजवून, पटाशीने हलक्या हाताने काढली. काच एकही फुटली नाही, हे मात्र सांगतो. जुन्या दोऱ्या कुजल्या होत्या, त्या बदलल्या. चौकटीच्या पोटातली वजनं बाहेर काढली तेव्हा त्यांच्यावरही ती पिठासारखी भुकटी बसलेली. इतकी वर्षं ती आतून दार वाजवत होती. ओल्या फडक्याने पुसून घेतली. सालं, फडकी, प्लास्टिक, सगळं पिशव्यांत बांधलं. रोज काम थांबलं की खास यंत्राने धूळ ओढायची, मग दोन बादल्या, एक धुवायची, एक खळबळायची. झगा तिथेच उतरवायचा, अंघोळ, आणि मगच चहा. आम्ही दोघं ओले केस घेऊन मागच्या पायरीवर बसून चहा प्यायचो. दोघांच्या डोक्यात एकच पोरगी.

एकदा निखिल म्हणाले, "मामाजी, माझी सगळी डिग्री घेऊन मी या घराला हो म्हटलं."

मी म्हणालो, "आणि मी रोज सकाळी तिच्यावर विष चाळलं. प्या चहा."

नवा पांढरा रंग लावला. कच्चं लाकूड दिसेपर्यंत सोललेल्या त्या चौकटी ब्रशाखाली आल्या तेव्हा मनगट आपोआप हललं, जसं हलायला हवं तसं. खोबणीत पत्र्याच्या पट्ट्या बसवल्या, म्हणजे रंगावर रंग घासणार नाही. मग फडक्यांनी जमीन आणि फळ्या पुसून ती फडकी प्रयोगशाळेत पाठवली. धूळ उरली नाही असं त्यांनी कळवल्यावरच पोरगी घरी आली. आल्या आल्या थेट खिडकीशी गेली. फळीला धरून उभी राहिली. तोंड फळीकडे नेलं आणि आम्ही चौघंही एकदम ओरडलो.

ती दचकली. रडली नाही. तिने नुसतं आमच्याकडे पाहिलं.

त्या दिवसापासून घरात एकच शब्द झाला. धू. खेळून आली, हात धू. खायच्या आधी धू. उठली, धू. मनीषा म्हणायची, आजी म्हणायची, मी म्हणायचो. निखिल नागपुरी हेल काढून म्हणायचे. आम्ही देवाचं नाव घेतलं नसेल एवढा तो शब्द घेतला. नाचणीचं सत्त्व, पालक, दूध, अंडं. पुन्हा रक्त घेतलं. उतरलं होतं. पुढच्या वेळी आणखी उतरलं. डॉक्टर खूश. मनीषाने फोन ठेवून माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं.

पण पोरगी बोलेना.

पानं लाल झाली, गळली. तिच्या बरोबरीची डब्लिनची पोरं "मम्मा, कार, नो" करायला लागली. आमची बोट दाखवायची. हुंकार द्यायची. हसली तरी आवाज कमी. बोलायला शिकवणारी एक मुलगी घरी यायची, चित्रं दाखवायची. चिमणी ऐकायची शहाण्यासारखं आणि तोंड मिटून बसायची. इथे दर बुधवारी दुपारी वादळाचा भोंगा वाजवून बघतात. घराच्या भिंती थरथरतात असा. तो वाजला की मी तिच्याकडे बघायचो. ती मान वळवायची. म्हणजे ऐकू येतं. म्हणजे कान नाही. मग दुसरं काय, ते मी मनातही म्हणत नव्हतो. बाहेर बर्फ, घरात सगळं बंद, आणि माझ्यासमोर ओठ हलवणारा तो बुवा. पोरगी खेळताना कधी नुसतेच ओठ हलवायची. मी उठून दुसऱ्या खोलीत जायचो.

कोणाला सांगितलं नाही. काय सांगणार? शेंदराची गोष्ट ऐकून डॉक्टर हसला असता. मला तर तेव्हा कोणी हसलेलं चाललं असतं.

हा झाला मागचा हंगाम. आज तो पुन्हा दारात आला आहे. तेच तांबूस तुरे, तेच ऊन. आमच्या हिने काल गव्हाचा चीक शिजवला. मागच्या वर्षी तिने सोऱ्या कपाटात टाकून शपथ घेतली होती. यंदा मनीषाच म्हणाली, "आई, कर गं." वाळवण आता फळीवर नाही. निखिलच्या मोटारीत. अंगणात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या मागच्या सीटवर ताटं मांडायची, काचा वर. खार शिरत नाही, धूळ येत नाही, आणि पापड्या दुपारपर्यंत कडकडीत. जावई सोमवारी जिऱ्याच्या वासाच्या गाडीतून डब्लिनला जाणार. "ऑफिसात विचारते मला, कोणतं परफ्यूम आहे," असं ते म्हणतात.

मी सकाळी खिडकीपाशी थांबलो होतो, तिथे परत येतो. हात मुठीवर. मागे स्वयंपाकघरात सोऱ्याची किरकिर. मी ओलं फडकं घेतलं. फळी पुसली, स्वच्छच होती. खोबण पुसली, स्वच्छ. पुन्हा पुसली. मग श्वास धरून खिडकी वर केली. कर्रकर्र नाही. लोण्यात सुरी जावी तशी गेली. आत वजन खाली उतरलं. ठक. गार वारा आला, ओल्या मातीचा, आणि कुठूनतरी लायलॅकच्या पहिल्या कळ्यांचा. तरी मी कितीतरी वेळ तोंड बाहेर काढलं नाही.

स्वयंपाकघरात आलो. टेबलावर ताटात ताज्या कुरडया घातलेल्या, ओल्या, चकाकणाऱ्या. पोरगी खुर्ची ढकलत आली, तिच्यावर चढली आणि ताटाकडे बघत बसली. मागच्या वर्षीसारखं चोरून नाही घेतलं. आमच्या हिच्या हातातला सोऱ्या थांबला. ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. द्यावी का? स्वच्छ ताट आहे, स्वच्छ घर आहे. तरी दोघांचे हात उचलेनात.

शेवटी मीच एक तुकडा तोडला आणि पुढे केला.

तिने घेतला नाही. माझं मनगट धरलं. हात उलटा केला, सुलटा केला, बोटं बघितली. मी खिडकीपाशी होतो ते तिने पाहिलं होतं. मग माझा हात तिने बाजूला लोटला, आणि स्पष्ट, ठणठणीत, घरमालकिणीसारखं म्हणाली:

"आबा. धू."

सोऱ्या खाली पडला. चीक फरशीवर. वरून मनीषाने विचारलं, "काय पडलं?"

तिच्यापुढे काय आहे, मला माहीत नाही. रक्त अजून एकदा घ्यायचं आहे. उद्या शाळेत जाईल, अक्षरं लागतील की अडतील, आत्ता कोणीच सांगू शकत नाही. दोन शब्दांनी भीती जात नाही. फार तर खुर्ची बदलून बसते. पण आवाज आहे. ओढ्यापलीकडे जाईल असा आहे.

मी आयुष्यात कोणाचं ऐकलं नाही. उस्तादांचं नाही, बायकोचं नाही, जावयांचं तर बघितलंत. मी मोरीशी गेलो, साबण लावला, नखांच्या आतपर्यंत धुतलं. वळलो. ती खुर्चीवर उभी राहून बघत होती, भुवया वर करून, पान खाऊन बसलेल्या मुकादमासारखी.

"धू," पुन्हा म्हणाली.

मी पुन्हा धुतले.